डार्कमधली रेघ

विश्वास ठेवाच, असा माझा हट्ट नाही. पण हे घडलं तेव्हा मी तिथेच होते.

रायपूर. आमच्या कॉलेजची खगोलशास्त्राची लॅब. मागच्या मे महिन्यातली, नवतपातली, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांतली दुपार. बाहेर चिटपाखरू नव्हतं. आत फक्त मी आणि चेतना.

आम्ही वजनदार ताऱ्यांवर काम करतो. असे तारे सहसा एकटे नसतात. दोघं-तिघं एकमेकांभोवती फिरतात, दुर्बिणीत मात्र एकच ठिपका दिसतो. त्याचा प्रकाश स्पेक्ट्रोग्राफमधून पसरवला की प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या ओळखता येतात. रेघ निळ्याकडे सरकली तर तारा आपल्याकडे येतोय. तांबड्याकडे सरकली तर दूर जातोय.

आम्ही ताऱ्यांची जी जोडी अभ्यासत होतो, तिच्यात तिसरा तारा आहे, असं आमच्याच लॅबमधला सुशील म्हणायचा. कुणी ऐकलं नाही. त्याचं चेतनाशी लग्न ठरलं होतं. जानेवारीत लॅबला येताना नवा रायपूरच्या रस्त्यावर बाइक घसरली आणि तो गेला. चेतना इथेच त्याची वाट बघत बसली होती. नंतर तिने खाणंपिणंच सोडलं. आता कुठे ती माणसांत आली होती. ती पुन्हा हातची जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

कामाआधी आम्ही 'डार्क' घेतो. म्हणजे कॅमेऱ्याचं झाकण लावून फोटो. त्यात नुसता काळोख यायला हवा.

त्या दिवशी त्यात... एक रेघ होती.

सुशील ज्या तिसऱ्या ताऱ्याची सांगायचा, तीच. निळ्याकडे सरकलेली.

आधीचा प्रकाश राहिला असेल, म्हणून मी हसण्यावारी नेलं. पुन्हा डार्क घेतला.

रेघ आणखी निळ्याकडे...

मी कॅमेरा बंद करायला गेले. चेतनाने माझं मनगट धरलं.

"नको बंद करू, मंजू. तो येऊन राहिला."

पुढचा डार्क आपोआप आला. रेघ आपल्या मूळ जागी. ना निळ्याकडे, ना तांबड्याकडे.

म्हणजे येणारा थांबला होता.

मागे कपाटावर... हेल्मेट ठेवल्याचा आवाज झाला. सुशील आल्या आल्या तिथेच ठेवायचा.

वळून पाहिलं. कपाटावर काहीच नव्हतं.

मी चेतनाला ओढतच खाली आणलं, गेटवरच्या ऑटोत बसवलं. तो कॅमेरा एकदम सोडून जाता येत नाही. तो बर्फाहून थंड ठेवलेला असतो; तो थंडावा हळूहळू उतरवावा लागतो, नाहीतर कॅमेरा कायमचा बिघडतो. 'थांब, आलेच' म्हणून मी तेवढ्यासाठी वर पळाले.

स्क्रीनवर नवा डार्क आला होता.

रेघ... तांबड्याकडे सरकली होती.

मी खिडकीशी धावले. ऑटो निघालाही होता. मागच्या सीटवर चेतना अगदी कडेला सरकून बसली होती, शेजारी कुणाला जागा करून द्यावी तशी.

आता ती जेवते, हसते. पोरगी सावरली म्हणून तिची आई माझे आभार मानते. मी तिला काय सांगू?

माझे डार्क आता स्वच्छ येतात. एकही रेघ नसते. म्हणजे तो इथे परत आलेला नाही.

मला त्याचीच भीती वाटते.