त्रेचाळिसावा नमुना

जीवाणूवाचक यंत्राने बेचाळिसावा नमुना वाचला आणि पडद्यावर पुन्हा शून्य उमटलं.

"यंत्र तपासून घ्या," आहारविज्ञान संस्थेचे संचालक डॉ. सरपोतदार म्हणाले.

"आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!" डॉ. शर्वाणी गाडे उसळली. "यंत्र ठणठणीत आहे, सर. शांतिका मेली आहे. आपण मारली तिला."

शांतिका हा आतड्यातला जीवाणू. शर्वाणीला तो पांगारखेड्याच्या मुलींच्या वसतिगृहात सापडला होता. तिथल्या बेचाळीस मुली नागलीची भाकरी, उडदाचं भुजं आणि रानभाज्या खात. त्या क्वचितच आजारी पडत, पण खरं नवल वेगळंच होतं. त्यांना गाढ झोप लागे, वाचलेला धडा लक्षात राही आणि सकाळचं भांडण दुपारपर्यंत टिकत नसे.

"सोप्या शब्दांत सांगा. मला वर कळवायचंय."

"भाजीतला, कोंड्यातला चोथा आपल्याला पचत नाही, शांतिकेला पचतो. त्यातून ती जे रसायन बनवते, ते मेंदूला शांत ठेवतं. एका ताटात जेवणाऱ्यांमध्ये ती पसरते. पण पंधरा दिवस चोथा मिळाला नाही की मरते. मुलींच्या नमुन्यांतली शांतिका भरून आपण शहरात वाटलेल्या गोळ्या म्हणूनच वाया गेल्या. लोक गोळी गिळून पुन्हा पाकिटातलंच खात होते."

"मग मुलींचे ताजे नमुने घ्या."

"हे ताजेच आहेत!"

सहा महिन्यांपूर्वी सरपोतदारांनीच फर्मान काढलं होतं. नमुने एकसारखे यावेत म्हणून वसतिगृहाचं स्वयंपाकघर बंद करून मुलींना संस्थेची पूर्णान्न वडी सुरू केली. वडीत प्रथिनं, जीवनसत्त्वं, सगळं मोजूनमापून होतं. चोथा तेवढा नव्हता. भाकरीचा गुण शोधायला निघायचं आणि ताटातली भाकरीच काढून घ्यायची, ही अक्कल शिकल्यासवरल्यांनाच सुचते! आता मुली रात्रभर तळमळत आणि दिवसा एकमेकींच्या अंगावर धावत. वर्गात पहिली येणारी सुगंधा गावित दहावीच्या परीक्षेला महिना उरला असताना पाठ केलेलं विसरत होती. शर्वाणीला स्वतःचीच चीड आली. त्या फर्मानाखाली तिचीही सही होती.

दुसऱ्या दिवशी ती पांगारखेड्याला गेली. अठरा वर्षं वसतिगृहाचा स्वयंपाक करून घरी बसवलेली हौसाबाई भोये अंगणात कुर्डूची भाजी निवडत होती.

"मावशी, तुमचा नमुना आम्ही कधी घेतलाच नाही."

"कसा घ्याल? तुमच्या यादीत पोरी होत्या. चुलीपाशी कोण बघतं? आणि बाई, पोरींच्या तोंडची भाकर काढली ना तुम्ही! शिकून हेच केलंत?"

शर्वाणीने नमुन्याची रिकामी डबी पुढे केली. हौसाबाईने बडबडत का होईना, ती भरून दिली.

त्रेचाळिसाव्या नमुन्यात पडदाभर शांतिका होती. शर्वाणीने संचालकांना फोन लावला. आकडा मात्र सांगितला नाही.

"स्वयंपाकीणबाईंमध्ये कदाचित शांतिका सापडेल. स्वयंपाकघर सुरू करू या. बाई मुलींबरोबर जेवतील, मुलींना शांतिका परत मिळेल."

"छे! सापडली तर बाईंना इथे आणा. निर्जंतुक कक्षात ठेवू."

"आणि खायला काय द्यायचं?"

"वडी. आहार एकसारखा नको का?"

शर्वाणीने फोन ठेवला. वीस वर्षांत तिने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. तिने अहवालाची त्रेचाळिसावी ओळ उघडली आणि तिथे शून्य लिहिलं.

सगळीच शून्यं, म्हणून प्रकल्प आठवड्यात गुंडाळला. प्रकल्प गेला, वडी थांबली. मुलींना उपाशी तर ठेवता येत नव्हतं, म्हणून वसतिगृहाने हौसाबाईला परत बोलावलं.

पहिल्या दिवशी शर्वाणीही तिथे होती. हौसाबाई भाकरी घेऊन सुगंधाच्या शेजारी बसली.

"मला नको," सुगंधा फणकारली.

"नको तर नको. मला तर जेवू दे तुझ्या ताटात."

थोड्या वेळाने त्याच ताटात दुसरा हात आला. शर्वाणी लांबून पाहत राहिली. आज तिने नमुन्याची डबी बरोबर आणली नव्हती.