झुडपातला मेंढा

संघदीपच्या हाताला एक खोड होती. फ्रेममध्ये जायचं ते काहीही असो, लग्नाचा फोटो म्हणा की वारलेल्या म्हाताऱ्याचा, काच बसवायच्या आधी तो त्यावर कोरडं फडकं फिरवणारच. शेलूबाजारात आपलं दुकान वीस वर्षं चाललं ते या फडक्यावर, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

म्हणून चित्र फ्रेम करायला आणलेल्या दवाखान्यातल्या निता सिस्टरनं "रंगीत खडूचं चित्र हाय दादा, हात नका लावू" असं बजावलं, तेव्हा त्यानं हात नाही लावला. फडकं लावलं. आता बोला!

चित्र स्वप्नात दिसावं तसं होतं. फिकट गुलाबी डोंगर, जांभळं आभाळ, लाकडांवर निजवलेलं पोरगं आणि सुरी उगारलेला पाठमोरा बाप. कोपऱ्यातल्या निळ्या झुडपात पांढरं काहीतरी होतं, ते फडक्यावर निघून आलं. संघदीपला वाटलं, डाग असेल.

सिस्टर चित्र न्यायला आली आणि पाहतच राहिली.

"मेंढा कुठी गेला?"

"कोनता मेंढा?"

मग तिनं बायबलातली गोष्ट सांगितली. देवानं बापाकडं त्याचं पोरगं मागितलं. बापानं सरणाची लाकडं पोराच्याच डोक्यावर दिली आणि त्याला डोंगरावर नेलं. सुरी उगारली तेव्हा देव थांब म्हणाला. झुडपात मेंढा अडकलेला होता, पोराऐवजी तो कापला.

"त्या मेंढ्यानं पोरगं वाचलं, दादा. माह्या भावाचं हे शेवटचं चित्र. असं मी नाही नेत."

संघदीप मनातून चरकला. त्याला लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेला एकुलता एक उत्कर्ष, यंदाच पहिलीत गेलेला. त्याच्याच पाटीवरची पेन्सिल आणून संघदीपनं झुडपात मेंढा काढला, काच लावली. सकाळी पाहतो तर काचेच्या बुडाशी पांढरी भुकटी. पुन्हा काढला, पुन्हा गळला.

आणि सुरी खाली आली होती. डोळ्यांवर भरवसा नको म्हणून त्यानं स्टीलची पट्टी लावून मोजलं. पोराच्या छातीपासून नऊ सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी चार.

शनिवारी सकाळी पाठमोऱ्या बापाचा झगा चौकडीच्या शर्टासारखा दिसला. संघदीपनं स्वतःच्या बाहीकडं पाहिलं. तीच चौकडी होती.

दुपारी चित्रात नुसता डोंगर होता. बाप नव्हता, पोरगं नव्हतं, लाकडंही नव्हती.

दुकानाच्या कोपऱ्यातला फ्रेमच्या लाकडी पट्ट्यांचा भाराही जागेवर नव्हता.

तो शटर उघडंच टाकून घरी पळाला. बायको रूपा अंगणात मिरच्या वाळू घालत होती.

"उत्कर्ष कुठी हाय?"

"मजाक करता का? आत्ताच त तुमी नेलं त्याले. टेकडीवर जाऊन येतो म्हनले."



रूपानं हात झटकले. ती चिडलेलीच होती.

"अन् एवढाल्या पट्ट्या त्या लेकराच्या डोक्यावर काहून देल्या? तुमाले नव्हत्या उचलता येत?"