बिनहुकाचा हार

खोटं वाटेल, पण कान तपासणाऱ्या एका माणसाकडे एके सकाळी आलेले झाडून सगळे पेशंट पास झाले. ठार बहिरे आजोबासुद्धा! आवाज आला की बटण दाबायचं, आणि मंडळी दणादण दाबत सुटली होती. यंत्र बंद केलं तरी थांबेनात. तेव्हा कुठे कानवाल्याने वर छताकडे पाहिलं.

वरच्या मजल्यावरच्या मुलीने दार उघडलं ते हातोडीसकटच. शेजारीपाजारी तिला ठकठक म्हणत, ते उगाच नव्हे.

"तुम्ही करता काय इथे?"

"तांबं ठोकते. हार, पेंडंट..."

"स्वयंपाकघरात?"

"ओट्यावर पलीकडे मावशी भाजी चिरते, अलीकडे मी पत्रा कापते. अदलाबदल होत नाही."

"परवा भाजीत तार निघाली ते सांग की!" आतून मावशी.

भांडायला आलेला माणूस हसला आणि तिथेच फसला. करार ठरला – खाली पेशंट असला की त्याने झाडूच्या दांड्याने छताला एकदा ठोकायचं, म्हणजे थांबा. पेशंट गेला की दोनदा, म्हणजे चालू द्या. पुढे पुढे पेशंट नसतानाही तो एकदा ठोकायचा आणि स्वतःच जिना चढून यायचा.

"ठोकून ठोकून तांबं कडक होतं," ती सांगायची, "मग तापवायचं, की पुन्हा मऊ."

"माणसांचंही तसंच असेल..."

"माणसं तापवली तर चावतात. ती पक्कड द्या इकडे."

असं सगळं छान चाललं असताना तिच्या परगावच्या दादाने निर्वाणीचं बजावलं – एखाद्या दुकानाने माल घेतला तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यात मुकाट्याने आमच्याकडे ये, ऑफिसात जागा बघून ठेवलीय. एका मोठ्या दुकानाची मालकीणबाई हार बघायला घरी यायला कबूल झाली होती. सगळी भिस्त त्या एका हारावर.

हारही तसाच जमला होता. तांब्याची पातळ पानं बारीक रिव्हेटने जोडलेली, मधोमध थेंबासारखं पेंडंट. फक्त मागचा हूक बसवायचा राहिला होता. बाई यायच्या जरा आधी तिने कानवाल्याला स्टुलावर बसवलं.

"पेंडंट कसं पडतं ते बघायचंय. मान द्या जरा."

"घ्या. ठेवून घ्या."

"गप्प बसा... हलू नका."

तिची गार बोटं त्याच्या मानेला लागली.

"अय्या, तुमचे कान लाल झालेत!"

"ते... ते मोजायचं यंत्र नाही माझ्याकडे."

ती हसली, आणि हसता हसता सवयीने रिव्हेटवर पक्कड दाबली. टक्!

हूक ओट्यावर तसाच पडलेला. तिने हाराची दोन्ही टोकं एकमेकांनाच जोडून टाकली होती! हार इतका गळ्यालगत की डोक्यावरून निघणं अशक्य.

"कापून टाका," तो म्हणाला.

"पान फाटेल हो! नवीन करायला वेळ कुठाय –"

बेल वाजली.

"हार कुठाय?" बाईंनी आत येताच विचारलं. कानवाल्याने कॉलर खाली ओढली. बाईंनी चष्मा चढवला आणि खांबाला घालावी तशी त्याला प्रदक्षिणा घातली.

"काढा."

"निघत नाही," ठकठक रडवेली झाली. "हूक लावायचाच राहिला."

"दोघांचं लक्ष कुठे होतं ते विचारा ना!" मावशी म्हणाली.

बाई कितीतरी वेळ पेंडंटच बघत होत्या. "काम सुबक आहे. आणखी करा, ठेवते दुकानात. हूक लावून हं! हा मात्र नको. याचं डोकं कुठे ठेवू मी?"

बाई गेल्या. ठकठकने कटर उचललं. "आता फाटला तरी चालेल. वाका."

तो मागे सरकला. "राहू द्या ना..."

"पेशंट हसतील."

"मला ऐकू येत नाही म्हणेन. तुम्ही... जाणार नाही ना आता?"

"नाही."

तो हारासकट खाली गेला. थोड्या वेळाने खालून आवाज आला – ठक, ठक... ठक.

"मावशी, तीन तर करारात नव्हते. म्हणजे काय गं?"

"मला काय विचारतेस? खाली जा, त्याला विचार. आणि ते कटर ठेव इथे."

तिने ठेवलं. अजून तिथेच आहे ते. मावशी त्याने दुधाच्या पिशव्या कापते.