सरकीच्या खड्ड्यातून आलेलं उत्तर

हे मी बनवून सांगतेय असं वाटलं तर वाटू द्या. जे झालं ते माझ्याच हातून झालं.

१८ डिसेंबर, गुरुवार. जिंतूर रोडवरचं एक जिनिंग. दुपारची वेळ.

मी तिथं कॉम्प्युटरवर असते. कापसाची गाडी आल्यापासून गठाण बांधेपर्यंत सगळ्या कामांचा नकाशा बनवते. एक काम, एक चौकट. मालकांनी नवीन सॉफ्टवेअर आणलं होतं. ते बिनकामाच्या चौकटी आपोआप शोधायचं, मी फक्त "मंजूर" दाबायचं.

त्यानं पहिली शोधली ती माझ्या मामांची.

बन्सीधरमामा तिथले मुकादम. सरकीच्या खड्ड्यातला, सरकी वर ओढून नेणारा पट्टा सुरू करण्याआधी ते तीनदा हाक मारायचे, "आत कोण हाय का?" मग थांबायचे. अकरा वर्षांच्या नोंदीत उत्तर एकच : कोणी नाही. उत्तर बदलतच नाही, म्हणून चौकट बाद.

मामा म्हणाले, "अर्पे, उत्तर येत न्हाई म्हणून इचारायचंच सोडायचं का?"

मी हसले. लय शहाणी ना मी!

मंजूर दाबलं.

तीन त्रेपन्नला... स्क्रीनवर चौकट परत आली. यावेळी उत्तरासकट.

"मी हाय."

पट्टा चालवणाऱ्या गोपाळला फोन लावला.

"ताई, खड्डा रिकामा हाय. आत्ताच बघितलाय. कोणतरी मस्करी करायलंय."

मलाही तेच वाटलं. मी चौकट पुन्हा काढली. नकाशा मोकळा झाला, गोपाळला पट्टा सुरू करायची परवानगी गेली.

चार वाजता पट्टा सुरू झाला.

मग... ओरडा.

आत मामा होते.

तिथं झाडणाऱ्या चांगुणाबाई सांगत होत्या, "आतून कोणतरी 'मी हाय' म्हणायलंय म्हणून उतरले वो मामा. मला तर काईच ऐकू आलं न्हाई."

कॅमेऱ्यात मामा उतरताना दिसतात. वेळ तीन अठ्ठावन्न. उत्तर त्याच्या पाच मिनिटं आधीचं.

मग ते कोणाचं?

मामा गेल्यावर चौकट परत ठेवलीय. गोपाळ रोज तीनदा हाक मारतो. आतून आवाज येत नाही.

माझ्या स्क्रीनवर मात्र उत्तर येतं...

"मी हाय."

असं उत्तर असलं की पट्टा सुरू होत नाही. गोपाळ उतरून कोपरा न् कोपरा बघून येतो. कोणी नसतं. बाहेर गाड्यांची रांग लागते, मालक दारात येऊन उभे राहतात. मग मला ते उत्तर पुसावं लागतं.

मी आधी हात जोडते. मग पुसते.

कालही पुसलं.