मंजुळाबाईचा डावा हात

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला सरकारी दवाखान्याची जीप सामरवरणी गावातल्या कामगारांच्या चाळीपुढं थांबायची. डॉक्टर प्राजक्ता उतरायच्या. काखेत फाइल, पिशवीत रबरी हातोडी, टाचण्या, मोजपट्टी. ब्याण्णव साल होतं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून त्या लकव्याच्या अभ्यासासाठी आल्या होत्या. मेंदूची रक्तवाहिनी तुंबून अर्धं अंग गेलेली चाळीस माणसं त्यांनी आसपासच्या गावांतून हुडकली होती. त्यातलीच एक समाधानची आई, मंजुळाबाई.

समाधान धुळ्याकडचा, धाग्याच्या कारखान्यात कामाला. आईपाशी दिवसा कोणी हवं म्हणून त्यानं रातपाळी मागून घेतली होती.

"मावशी, दोन्ही हात वर करा," डॉक्टर म्हणाल्या.

मंजुळाबाईनं उजवा वर केला.

"दोन्ही."

"करात ना बाई दोन्ही. कितला येळा करू?"

डॉक्टरांनी तिचा डावा हात उचलला आणि तिच्या उजव्या डोळ्यापुढं धरला. "हा कोणाचा हात?"

म्हातारीनं तो नीट पाहिला. मग आवाज खाली घेतला. "संजूना. मना धाकला आंडोर. झोपेल शे. त्याले उठाडू नको."

बाहेर ओट्यावर डॉक्टरांनी समाधानला समजावलं. "मेंदूचा उजवा भाग गेला की माणसाची डावी बाजूच हरवते. हात दिसतो, पण आपला वाटत नाही. कोणी म्हणतं नवऱ्याचा, कोणी म्हणतं शेजारणीचा. पुस्तकात आहे हे सगळं. काही आठवड्यांत जातं. तुम्ही मात्र उजवीकडूनच बोलत जा. डावीकडं कितीही ओरडलात तरी त्यांच्या लेखी तिथं कोणी नाही." त्यांनी पान उलटलं. "तुमचा धाकटा भाऊ, संजू, कुठं असतो?"

"सुरतेला," समाधान म्हणाला. आठ महिन्यांत ते तोंडपाठ झालं होतं.

संजू सुरतेला नव्हता. गेल्या पौषात त्याच कारखान्यात त्याचा डावा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला आणि हातापाठोपाठ संजू गेला. बंद करायचं बटण समाधानच्या बाजूला होतं. त्यानं ते दाबलं. ते महिनाभर बिघडलेलंच होतं आणि ही गोष्ट सुपरवायझरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. संजूला टेंपोत घातलं. टेंपो कुठं गेला ते कोणी सांगितलं नाही आणि समाधाननं विचारलं नाही. संध्याकाळी सुपरवायझरनं स्वतःच्या हातानं चहा दिला. "देख समाधान, गयेला आदमी वापस नहीं आता. तू तरी पर्मनंट हो जा."

कंत्राटी माणसाचं नाव हजेरीपटावर पेन्सिलीनं का लिहितात, हे त्या दिवशी त्याला कळलं. भाऊ काम सोडून सुरतेला गेला, असं त्यानं लिहून दिलं. आईला तेच सांगितलं, बायकोला तेच. आखाजीला येईल म्हणाला. आखाजी आली, गेली. सणाला लेक आला नाही म्हणून मंजुळाबाई रोज रस्त्यावर डोळे लावून बसायची. एका सकाळी ती चुलीपुढं डावीकडं कलंडली, ती पुन्हा उभी राहिली नाही. आता एकच भीती समाधानला पोखरत होती. आईला कळलं तर ती जाईल. आणि जाताना त्याच्या हातचं पाणी पिणार नाही.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं तो रोज दुपारी तो हात तिळाच्या तेलानं चोळायचा. मेलेल्या सापासारखा लोळागोळा हात. दुसऱ्या आठवड्यात त्याला वास आला. तेलाचा होता, पण तिळाच्या नाही. कारखान्यात धाग्याच्या बॉबिनवर मारतात त्या तेलाचा. आपल्याच अंगाला असेल म्हणून त्यानं साबण लावून आंघोळ केली आणि परत बसला. वास तिथंच होता.

मग अंगठ्याचं नख काळं पडलं आणि उभं चिरलं. संजूचं होतं तसंच.

"पडल्या तेव्हा लागलं असेल," रोहिणी म्हणाली. रोहिणी त्याची बायको, तोंडानं फटकळ, पण सासूचं सगळं हगणंमुतणं तीच काढायची. तिनं म्हातारीच्या अंगावरची गोधडी उचलून दाखवली. "पण हे काय चाललंय तुमचं? दुपारभर गाठी मारत बसता का? बायकांची कामं शिकायची तर भांडी घासा, मले मदत तरी होईल."

गोधडीच्या डाव्या काठाचे सुटे दोरे एकमेकांना जोडलेले होते. बारीक, घट्ट गाठी. शेपूट जरा लांब ठेवलेलं. कारखान्यात धाग्याची तुटलेली तार जोडताना सगळे दोन्ही हात वापरायचे. संजू एका हातानं, अंगठा आणि बोट फिरवून अशी गाठ मारायचा आणि लांब शेपटापायी सुपरवायझरच्या शिव्या खायचा. सबंध खात्यात ती गाठ दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

समाधाननं गाठी मोजल्या नाहीत. गोधडी उलटी घातली.

तिसऱ्या मंगळवारी डॉक्टरांनी हाताला टाचणी टोचली, बोटं वाकवून पाहिली आणि ताकदीच्या रकान्यात पाचपैकी शून्य लिहिलं. समाधाननं गाठी दाखवल्या. "शेजारची पोरं असतील हो," त्या म्हणाल्या. "ते सोडा. तुमच्या भावाला एकदा बोलवून घ्या ना. खरा माणूस समोर उभा राहिला तर मावशी काय म्हणतात, ते मला बघायचंय. अभ्यासाला फार उपयोगाचं आहे."

"तार करतो," समाधान म्हणाला.

जीप गेली. मंजुळाबाई उजवीकडच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "समाधान, त्याना हात थंडा पडेल शे रे. कितला दिन झोपी हाऊ? काही खायेल बी नई."

तो बाहेर जाऊन हातपंपाच्या ओट्यावर बसला. बायका भांडी घेऊन उभ्या होत्या म्हणून रडला नाही.

गुरुवारी दुपारी रोहिणी पाण्याला गेली. पत्र्याचं छप्पर तापून तडतडत होतं. समाधान उठला आणि लकव्यानंतर पहिल्यांदा आईच्या डाव्या अंगाला, तिचा हात मांडीवर घेऊन बसला. तिथं, जिथं तिच्या लेखी कोणीच नव्हतं.

"माय," तो म्हणाला. "संजू सुरतले नई शे."

ती भिंतीकडं बघत राहिली. पापणीसुद्धा हलली नाही.

मग तो थांबलाच नाही. पट्टा सांगितला. बटण सांगितलं. टेंपोच्या फाळक्यातून लोंबणारी चप्पल सांगितली. चहात साखर जास्त होती तेही सांगितलं. "मी लिखी दिधं, माय. मनाच हातनं. आते मी पर्मनंट शे."

ती भिंतीकडंच बघत होती.

त्याच्या मांडीवरचा तिचा हात ऊन झाला.

बोटं हलली. आधी अंगठा.

हात उठला. खांद्यातून नाही, कोपरातून नाही. कोणी खालून धरून उचलावा तसा सावकाश वर आला आणि समाधानच्या तोंडावर बसला.

त्यानं मारलं नाही. आवळलं नाही. लहानपणी शाळा बुडवून पांझरा नदीत पोहल्यावर, समाधान आईला सांगायला तोंड उघडायचा तेव्हा संजू असाच हात ठेवायचा.

तळवा राठ होता. तेलाचा वास होता.

बाहेर हंडा आपटल्याचा आवाज आला तेव्हा हात गळून गोधडीवर पडला.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी तो पुन्हा म्हातारीच्या डोळ्यापुढं धरला. सुरकुतलेला, पिवळट, म्हातारीचा हात. नख स्वच्छ होतं.

"हा कोणाचा?"

"मना," मंजुळाबाई म्हणाली. "आखो कोना ऱ्हाई?"

"शाब्बास मावशी! आणि संजूचा कुठं गेला?"

"कोन संजू?"

डॉक्टर हसता हसता थांबल्या. "तुमचा धाकटा मुलगा."

"माले एकच आंडोर शे, बाई." तिनं उजव्या हातानं समाधानकडं बोट दाखवलं. "हाऊ."

डॉक्टरांनी मागची पानं चाळली. नाव चार ठिकाणी होतं. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि वळून विचारलं, "समाधान, तुम्हीच सांगा. हा संजू कोण?"

सरकारी कागद होता. मुंबईची डॉक्टर होती. दिवसाढवळ्या, साध्या शब्दांत विचारलेला प्रश्न होता. तोंडावर कोणाचाही हात नव्हता.

"कोणी नाही, मॅडम," समाधान म्हणाला. "आजारात बडबडत होती ती."

डॉक्टरांनी चारही ठिकाणी रेघ मारली आणि त्या लिहू लागल्या.

समाधाननं आईकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच बघत होती. मग ती हसली. ओठाची डावी, लकव्यानं गेलेली कड हळूहळू वर गेली. उजवी होती तिथंच राहिली.