चौदावी रेघ

संग्रहालय पाच महिन्यांनी उघडलं तेव्हा फरशीवर पिवळे बाण चिकटवलेले होते. एका दालनात एकच माणूस, दहा मिनिटं, आणि आल्या वाटेने परत फिरायचं नाही. तिला पाचव्या दिवशीची दुपार मिळाली.

चित्रांचं तिला काडीचंही वेड नव्हतं. काम होतं ते सातव्या दालनातल्या एकाच चित्राशी. तिचे बाबा या दालनाचे पहारेकरी. कला शिकणाऱ्या एका मुलीने फार वर्षांपूर्वी त्यांचं चित्र काढलं होतं: खुर्चीत ताठ बसलेले, डोक्यावर टोपी, खुर्चीच्या पाठीला दोऱ्याने अडकवलेलं फेरीचं कार्ड. फेरी झाली की कार्डावर पेन्सिलीने एक रेघ ओढायची, अशी तिथली रीत. संग्रहालयाने ते चित्र घेऊन त्याच दालनात लावलं, आणि पुढे निम्मी नोकरी बाबांनी स्वतःवरच पहारा देण्यात घालवली. घरात यावरून त्यांची भरपूर थट्टा व्हायची.

साथीत त्यांच्या पहाऱ्यावरच्या जोडीदाराला, मिशीवाल्या काकांना, ताप आला. बाबांचा फोन आला तेव्हा तिच्या कडेवर सहा महिन्यांची लेक होती.

"बाबा, चौदा दिवस तिकडेच राहा. आणि आलात की बूट बाहेर, आधी आंघोळ, मगच आम्हाला भेटा."

"बरं," एवढंच ते म्हणाले.

ते संग्रहालयातच राहिले. नवव्या दिवशी ते गेले, आणि त्यांना तिथूनच परस्पर नेलं. चेहरा कुणी दाखवला नाही, आणि भांडायला तिला तोंड उरलं नव्हतं. काका बरे झाले. या गोष्टीचा तिला राग यायचा आणि त्या रागाची लाजही वाटायची.

आज दालनाच्या दाराशी काकाच उभे होते. मिशीची टोकं मास्कच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

चित्रातले बाबा होते तसेच होते. डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा. तिला रडू फुटलं. डोळे पुसताना तिची नजर कार्डावर गेली. त्यावर चार रेघा असायच्या. लहानपणी बोट न लावता त्या मोजायला बाबांनीच शिकवलं होतं.

तिने मोजल्या. तेरा.

"काका..."

"तेरा ना?" काका दारातूनच म्हणाले. "उघडलं त्या दिवशी नऊ होत्या. रोज एक वाढते."

"कुणाला सांगितलंत?"

"साहेबांना. म्हणाले, आजारातून उठलाय, भास होत असतील." त्यांनी चित्राकडे मान केली. "तो इथे बसून दिवस मोजायचा गं. चौदा झाले की लेकीकडे जायचं, म्हणायचा."

ती चित्राच्या अगदी जवळ गेली. "चुकलं माझं, बाबा. घरी चला. आजच चला."

काकांनी घड्याळावर बोट ठेवलं. दहा मिनिटं संपली होती.

बाणांच्या मागे ती पलीकडच्या दारापर्यंत गेली आणि वळून पाहिलं.

खुर्चीत फक्त टोपी होती.

कार्डावर आता आणखी एक रेघ होती, इतरांपेक्षा काळी.

काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. "तू जा," ते म्हणाले. "मागे नको येऊस."

घरी पोचल्यावर ती जिने जवळजवळ पळतच चढली. घराच्या दाराबाहेर काळे बूट शेजारी शेजारी ठेवलेले होते, नाड्या आत खोचून. बाबांचं सगळं सामान जाळल्याचा कागद तिच्या कपाटात होता. त्यात बूटही लिहिले होते.

तिने बेल वाजवली. नवऱ्याने लेकीला कडेवर घेऊन दार उघडलं, आणि तो तिच्याकडे बघतच राहिला.

"अगं, तू बाहेर? मग मघापासून आंघोळ कोण करतंय?"

आत नळ बंद झाला.