पहिला नंबर आलेलं भाषण

नवनीत ट्रॅक्टरवरून उतरला आणि चारुलताशी पहिलं जे वाक्य बोलला, ते तिनेच लिहिलेलं होतं.

"‘माझ्या आईच्या लग्नातल्या चांगल्या साड्या अजून पेटीतच आहेत… कारण वावरात त्या नेसता येत नाहीत, आणि वावराबाहेर आई कधी गेलीच नाही.’ बरोबर शे ना, मॅडम? का एखादा शब्द सुटना?"

चारुलता नाल्याच्या काठावर उभी होती. कोरीटच्या माध्यमिक शाळेची नववी-दहावीची मुलं खाली चिखलात उतरली होती. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळूने भरायच्या, शिवायच्या, एकावर एक रचायच्या आणि वाहतं पाणी अडवायचं, असा वनराई बंधाऱ्याचा बेत होता. गोण्या कमी पडल्या म्हणून मुख्याध्यापक पितांबर सरांनी गावातल्या कुणा शेतकऱ्याला फोन केला होता. तो हा. उंच, सावळा, डोळ्यांत मिश्किल हसू… आणि त्या हसण्याच्या मागे काहीतरी दुखरं.

"तुम्हाला कसं माहीत, ते मी लिहिलंय?" तिने विचारलं.

"बठ्ठा गावले माहीत शे."

खरंच होतं ते. चारुलता शिकवायची विज्ञान, पण शाळेतली भाषणं लिहायचं काम आपोआप तिच्याकडे आलं होतं. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेला नववीतली चेतना उभी राहिली, विषय होता ‘आजची मुलगी आणि शेती’, आणि चारुलताने एका बैठकीत कागद भरून दिला. शेतकरी नवरा नको, असं त्या पोरीने माइकसमोर इतकं ठासून सांगितलं की परीक्षकांनी डोळे पुसले. पहिला नंबर आला. शाळेच्या फळ्यावर चेतनाचं नाव रंगीत खडूने लिहिलं गेलं, आणि भाषणाचा व्हिडिओ तापीच्या दोन्ही काठांवर फोनाफोनी फिरला.

"मन्हा साखरपुडा ठरेल व्हता," नवनीत गोण्यांची गठडी खाली टाकत म्हणाला. "त्यासनी तुम्हनं भाषण आयकं. पोर बोलनी, शेतकरी नको."

चारुलताचा चेहरा खर्रकन उतरला. "मला… मला माफ करा."

"माफी कसानी? भाषण झकास शे. मी सोता गावभर धाडं." तो हसला. "गोण्या कोठे उतारू?"

घरी जाताना स्कूटीवर तिला सारखं वाटत राहिलं, हा माणूस चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

बंधारा झाला. नाल्यात पाणी तुंबलं, पितांबर सरांना हुरूप आला आणि त्यांनी बंधाऱ्याचा प्रकल्प विज्ञान प्रदर्शनाला पाठवायचं ठरवलं. मग पाणी किती चढलं, आसपासच्या विहिरींत किती वाढलं, हे मोजणं आलं. नवनीतचं वावर नाल्याला लागूनच. त्यामुळे शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन चारुलता तिकडे जायची, आणि मुलं गेली तरी तिचं मोजमाप काही संपायचं नाही. कुणी विचारलं असतं तर तिने पाण्याच्या पातळीचं कारण सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

मुलं त्याला भाऊ म्हणायची. चारुलताच्या तोंडून मात्र ते कधी आलं नाही. ती नुसतं "अहो" म्हणायची आणि मग स्वतःच लाजायची.

यंदा ओल्या मिरचीला भाव नव्हता म्हणून नवनीतने ती न विकता वाळत घातली होती. नाल्यापलीकडच्या मोकळ्या जागेवर त्याची पथारी होती, लालच लाल, नजर पोचेल तिथवर. वारा सुटला की तिखट धूळ उडायची. संध्याकाळी चारुलता निघायची तेव्हा स्कूटी रस्त्याकडे तोंड करून उभी असायची आणि सीट ओल्या फडक्याने पुसलेली. कुणी पुसली, हे तिने कधी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्याची आई रुक्मिणीबाई मात्र लांबून बघून मान हलवायची. आपल्या लेकाचं काही खरं नाही, हे तिला कळलं होतं.

"मॅडम," एकदा तो म्हणाला, "आते मन्हा बाजूनं बी एक भाषण लिखी द्या."

"विषय?"

"शेतकरीसंगे लगीन काबर करानं."

"मुद्दे सांगा." तिने मास्तरकीचा आव आणला.

"मुद्दा एकच शे…" तो थांबला. मिरचीचा देठ बोटांत फिरवत राहिला. "पन तो माइकवर सांगाना नही."

"मग कुठे सांगायचा?"

"मॅडम तं तुम्ही. तुम्हीच वळखा."

तिने ओळखलं होतं. फार आधीच. कानाच्या पाळ्या तापल्या, आणि ती उगाचच पाण्यात रोवलेल्या काठीकडे बघायला लागली.

त्या दिवशी घरी येऊन ती खरंच लिहायला बसली. पण काय लिहिणार? पहिल्या भाषणातलं सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलेलं होतं. तिची आई कौसाबाई पहाटे उठायची, वावरात जायची, दिवस मावळता परत यायची आणि चुलीपुढे बसायची. आभाळ भरून आलं की गप्प, आभाळ कोरडं राहिलं की गप्प. हे सगळं खोडून काढायचं तर खोटं लिहावं लागणार होतं. कागद कोरा राहिला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. चारुलताला पहिल्यांदा भीती वाटली. माणूस मनात भरलाय, आणि त्याच्या बाजूने आपल्याजवळ एक ओळ नाही.

तिकडे वडिलांना, रतिलालना, त्या भाषणाचं कोण कौतुक. आल्यागेल्याला फोनवर ऐकवायचे आणि लेकीचं नाव सांगायचे. "हाई मन्ही आंडेरनं लिखेल शे!" स्वतः जन्मभर शेती केलेला माणूस, पण त्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. जावई शेतकरी नको, हे त्यांनी मुलगी जन्मली तेव्हाच ठरवलेलं.

"तू जे लिखं, तेच करी ऱ्हायनू मी," संक्रांत झाल्यावर ते म्हणाले. "सुरतना पोऱ्या शे. बँकमा नोकरी. रविवारले देखाले येस."

चारुलताला बोलायचं होतं. पण बोलायचं म्हणजे स्वतःच्याच भाषणाविरुद्ध उभं राहायचं. ती गप्प बसली. कौसाबाई भाजी निवडत होत्या, त्याही गप्प.

शुक्रवारी शाळेत प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. विज्ञान प्रदर्शनात बंधाऱ्याचा दुसरा क्रमांक आला होता. मुलांना प्रशस्तिपत्रं आणि नवनीतला शाल-नारळ द्यायचं ठरलं होतं. लेझीम वाजत होती. आणि दुपारीच अंधारून आलं. थंडीच्या दिवसांत नको तो पावसाळी वारा सुटला, पत्र्यावर थेंब तडतडले.

"मिरची!" कुणीतरी ओरडलं.

पितांबर सरांनी हात वर करायच्या आत लेझीम खाली पडल्या होत्या. सगळी शाळा नाल्याच्या दिशेने धावली, चारुलता सगळ्यांच्या पुढे. नवनीत आणि रुक्मिणीबाई एकीकडे ताडपत्री ओढत होते आणि वारा ती दुसरीकडे उडवत होता. मुलं ओंजळीने मिरची ढिगाकडे सारू लागली. कुणी दप्तरं रिकामी करून त्यात भरली. चारुलताने ओढणी कमरेला खोचली आणि दोन्ही हातांनी मिरची ओढत राहिली. हात भाजले, डोळे झोंबले, नाक-तोंड वाहायला लागलं. पाऊस पडत राहिला. असा पाऊस कुणाला रोमँटिक वाटत असेल तर त्याने एकदा मिरचीच्या पथारीवर उभं राहावं.

पाऊस थांबला तेव्हा ताडपत्रीखाली थोडकी मिरची होती. बाकीची पाण्यात पडली होती. आता ती पांढरी पडणार, व्यापारी तिला फटकी म्हणणार आणि मातीमोल भावाने उचलणार. सरांनी मुलांना घरी पाठवलं. रुक्मिणीबाई भिजल्या पदराने तोंड झाकून घरात गेली. चारुलता तिथेच उभी राहिली. तिचे डोळे वाहत होते, आणि सगळं पाणी काही मिरचीचं नव्हतं.

"देखं?" नवनीत म्हणाला. आज त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "हाईच लिखेल व्हतं ना तुम्ही."

"अहो, असं नका ना…"

"तुम्हनं भाषण मी इतलं आयकं, का पाठ व्हयी गयं. ते खरं शे, मॅडम. म्हनीसन सांगस… रविवारले सुरतवालासले हो सांगा."

तिला कळेना, याला सुरतेचं कुणी सांगितलं. मग वाटलं, गावात काय लपतं.

"तुम्ही आज एक दिवस रडनात," तो म्हणाला. "आठे उनात तं जलमभर रडशात. मी नही देखी सकाव."

 समोरच्याचा मुद्दा कसा खोडायचा, हे तिने कितीतरी मुलांना शिकवलं होतं. पण समोरचा मुद्दा तिचाच होता, आणि तो पायाखाली चिखलात लाल होऊन पडला होता. वाद संपल्यात जमा होता. मग ती बोलली, पण शाळेतल्या मराठीत नाही. घरी बोलायची तसं.

"मी खोटं नही लिखं. एक बी गोट खोटी नही. पन… मन्ही मायले कोनी इचारं नव्हतं. तिले लगीनना मांडोमा उभी करी दिधी." तिने भाजलेल्या हाताच्या पाठीने नाक पुसलं. "माले मी इचारं. रोज इचारं."

त्याने ताडपत्रीचं टोक हातातून सोडलं.

"आनि… जवाब काय उना?"

"माले तुम्ही पाहिजेत. मिरची लाल ऱ्हावो, नईतर फटकी व्हवो. मी रडसू, ते माले माहीत शे. तरी पाहिजेत."

नवनीतने मान फिरवली. त्याचेही डोळे झोंबत असावेत.

"मुद्दा… हाच व्हता मन्हा," तो कसाबसा म्हणाला. "पन पहिले घर सांगा. तठे बी हाईच सांगता उनं, तं मी आठेच शे. मी कोठे जास?"

ती घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. रतिलाल ओट्यावर बसले होते. तिने कपडेही बदलले नाहीत, तशीच उभी राहून सगळं सांगून टाकलं. कोण, कुठला, काय करतो. आज त्याची मिरची भिजली, हेही सांगितलं.

"तुले येड लागनं का?" रतिलाल उठूनच उभे राहिले. "लोक काय बोलतीन? भाषण लिखं तूच! बठ्ठा जिल्हाले आयकाडं!"

"भाषण खरंच शे, आबा. पन ते मायनं शे. आनि मायले कोनी इचारं नव्हतं."

"तिले काय इचारानं? ती सुखी नही का मन्हा घरमा?"

स्वयंपाकघराच्या दारात कौसाबाई येऊन उभ्या होत्या. हाताला पीठ होतं.

"इचारं असतं," त्या म्हणाल्या, "तं मी ‘नको’ सांगं असतं."

रतिलाल बायकोकडे वळले. इतक्या वर्षांच्या संसारात तिने असं काही बोललेलं त्यांना आठवत नव्हतं. कौसाबाईंच्या आवाजात राग नव्हता.

"कोनी इचारं नही, म्हनीसन सांगं नही. आते हिले इचारा. ती सांगी ऱ्हायनी."

रतिलाल खाली बसले. मग उठले, फोन घेतला आणि अंगणात गेले. त्यांचा पडलेला आवाज आत ऐकू येत होता. रविवारी येऊ नका, असं ते कुणाला तरी सांगत होते. पलीकडून कारण विचारलं गेलं असावं, ते नुसतेच हं हं करत राहिले.

कौसाबाईंनी हात धुतले, वाटीत तेल घेतलं आणि लेकीचे सुजलेले हात मांडीवर ओढले. एकेका बोटाला तेल चोळताना त्या वर बघत नव्हत्या.

"जाशी तं जा," त्या म्हणाल्या. "पन रडू उनं तं आठे येजो. मी एकलीच रडनी. तू एकली रडू नको."